लाल थैली, पट्ट्यांची थैली

सरकारनं शेतकऱ्याचा कापूस स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली आणि वर्ध्यातल्या पुष्कळ दलालांच्या गाद्या, म्हणजे पेढ्या, बंद पडल्या. मी ज्या शेठजींकडे सहा वर्षं मुनीम होतो, त्यांचीही पडली. त्यांनी मला बोलावून दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला, चारशे रुपये, आणि म्हणाले, "मुनीमजी, कापूसच नाही राह्यला तर वही कायची लिहिता?" त्यांचा राग नव्हता, दुःखही फारसं दिसत नव्हतं. त्यांची तेलघाणी चालू होती, दोन घरांचं भाडं येत होतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि वही लिहिण्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

खरं तर आणखी एक गोष्ट येत होती. शेठजींच्या कामानं मी पुलगावला एका निवृत्त सुभेदारांकडे जायचो. त्यांच्या शेतातला कापूस आमच्या गादीवर यायचा. सुभेदार फौजेतून पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ शिकून आले होते. आपल्याकडे तीनपत्ती सगळ्यांना ठाऊक, पोकरचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. प्रत्येकाला पाच पत्ते, हवे तेवढे एकदा बदलून घ्यायचे, मग पैशाची बोली वाढवत न्यायची. पत्ते वाईट आले तरी चांगले आल्यासारखं बसायचं, आणि समोरचा तसंच करतोय का ते ओळखायचं. सुभेदारांनी त्यांच्या पडवीत चारपाच जण जमवले होते. पैसे लावून खेळणं कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून दुपारी जेवणं झाली की ते पडवीचं दार लावून घेत. कागदपत्रांवर सही होईपर्यंत मी तिथं बसायचो, पाहायचो, आणि कधी कुणी उठलं तर त्याच्या जागी दोन डाव खेळायचो. बहुतेक वेळा जिंकायचो.

नोकरी गेल्यावर पंधरा दिवसांनी मी सुभेदारांना म्हणालो, "यावर पोट भरता येईल काय?"

ते हसले नाहीत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "येते," ते म्हणाले, "पण पैशाची शिस्त पाह्यजे. खेळाचा पैसा अलग, घराचा अलग. खेळाच्या पैशाचे वीस हिस्से कर. एका बैठकीले एकच हिस्सा घेऊन येजो. तो गेला का उठ. चहा प्याले पण थांबू नको. आन महिन्याच्या एक तारखेले खेळाच्या पैशातून घराले पगार दे. जिंकला तरी तेवढाच, हरला तरी तेवढाच."

मला ते फार पटलं. सहा वर्षं दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवलेल्या माणसाला ही भाषा जवळची होती. चारशेचे वीस हिस्से म्हणजे वीस रुपये. शनिवारी-रविवारी पुलगावला बैठक, बुधवारी वर्ध्यात शेठजींच्या बंद गादीवर. शेठजींना मोकळा वेळ होता, खेळ त्यांनाही आवडला होता. महिन्याला बारा बैठका झाल्या, आणि घराला पगार ठरवला दीडशे. आज हे लिहिताना स्पष्ट दिसतं, की वीस रुपये घेऊन बसणाऱ्यानं दर बैठकीला साडेबारा रुपये जिंकून उठल्याशिवाय हे गणित जमत नाही, आणि असं कुणालाही वर्षानुवर्षं जमत नसतं. पण तेव्हा मी हा भागाकार केलाच नाही. का केला नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती अल्लीपूरची, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नात तिच्या वडिलांनी तिला शिलाई मशीन दिली होती आणि ती शेजारणींची पोलकी शिवून द्यायची. मला वाटलं ती रडेल किंवा माहेरी जाईन म्हणेल. तिनं विचारलं, "पोलीस धरते काय?"

"आतापर्यंत तर नाई."

"मंग दोन थैल्या लागतीन," ती म्हणाली, आणि चिंध्यांच्या गाठोड्यातून कापड काढून तिनं त्याच दुपारी दोन थैल्या शिवल्या. एक लाल, खेळाच्या पैशाची. दुसरी पायजम्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, घरखर्चाची. दोन्हींना नाडी. लाल थैली ट्रंकेत तळाशी, पट्ट्यांची वर.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, निदान मी तसंच समजत होतो. कापसाच्या वजनाच्या जुन्या चिठ्ठ्या माझ्याकडे उरल्या होत्या, त्यांच्या पाठीमागे मी दर बैठकीचा आकडा लिहायचो. चौदा आले. वीस गेले. एकतीस आले. एक तारखेला लाल थैलीतून दीडशे काढून पट्ट्यांच्या थैलीत टाकताना मला अगदी गादीवर पगार वाटल्यासारखं वाटे. बायको हात पुढे करून नोटा घ्यायची, मोजायची नाही.

सगळ्यात जास्त मी जिंकायचो शेठजींकडून. सहा वर्षं त्यांच्याशेजारी बसून मी त्यांना भाव करताना पाहिलं होतं. खोटा भाव सांगताना ते उजव्या हाताची अंगठी फिरवायचे. पत्ते वाईट असताना बोली वाढवली की अंगठी फिरायची. मला त्यात त्यांना फसवल्यासारखं वाटायचं, पण खेळच तसा होता. एका बुधवारी ते माझ्यासमोर बावीस रुपये हरले आणि पत्ते खाली टाकत म्हणाले, "मुनीमजी, मी तर तुमचा पगार देऊनच राह्यलो. पहले महिन्याले देत होतो, आता हप्त्याले देतो."

सगळे हसले. मीही हसलो. सायकलवरून घरी येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. शेठजींना आपल्या अंगठीची सवय ठाऊक नसेल? चाळीस वर्षं भाव करणाऱ्या माणसाला? मग ते मुद्दाम फिरवत असतील का? आणि मुद्दाम फिरवत असतील तर माझ्या घरात येतो तो पैसा माझ्या अकलेचा की त्यांच्या दयेचा? मी बायकोला विचारलं. ती काजं करत होती. म्हणाली, "पैसा आला ना? मंग."

दरम्यान सासरे एकदा बाजाराच्या दिवशी आले. पाण्याचा तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, सध्या काय करून राह्यले?" आतून बायको म्हणाली, "हिशेबाचं काम करते बाबा. पुलगावले जाते, इथंही असते." सासऱ्यांनी मान हलवली. "चांगलं आहे," ते म्हणाले, "हिशेबाच्या मानसाले मरन नाई." ते गेल्यावर मी तिला म्हटलं, खोटं काऊन सांगितलं? ती म्हणाली, "खोटं कुठं हाय? दिवसभर तुमी थ्या चिठ्ठ्याच तर पाहून राह्यता."

दुसऱ्या वर्षी पोळ्यापासून हात फिरला. चांगले पत्ते आले तरी समोरच्याला त्याहून चांगले यायचे. चार बैठका ओळीनं वीस-वीस गेले. सुभेदारांच्या सांगण्याप्रमाणे भांडवल घटलं की हिस्साही घटवायला हवा होता, वीसचे पंधरा, पंधराचे बारा. मी घटवला नाही. बारा रुपये घेऊन बसलेला माणूस समोरच्यांना घाबरलेला दिसतो, असं मी स्वतःला सांगितलं. लाल थैलीत कमी पडेल अशी भीती वाटली की पट्ट्यांच्या थैलीतून दहा, पंधरा काढून घेऊ लागलो. बायकोला सांगितलं नाही. जिंकलो की परत टाकू, असं म्हणायचो, आणि थोडेफार टाकलेही. पण कधी किती, ते चिठ्ठीवर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते चोरीसारखं दिसलं असतं.

आणि इथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. पट्ट्यांच्या थैलीतून घेतलेले आठवतील तसे धरून चिठ्ठ्यांची बेरीज केली की लाल थैलीत दोनशे ऐंशी असायला हवेत; मोजले तर तीनशे चार. पुढच्या आठवड्यात हवेत दोनशे साठ, निघाले दोनशे सत्त्याऐंशी. मी पुन्हा बेरीज केली. अंगणात बसून, उजेडात, एकेक चिठ्ठी लावून केली. गादीवरच्या सहा वर्षांत माझा हिशेब पैशानंही चुकला नव्हता. इथं दर वेळी चुकायचा, आणि दर वेळी पैसा जास्तच निघायचा. कमी निघाला असता तर चोर शोधला असता. जास्त निघाला तर कुणाला शोधायचं? मला वाटू लागलं की मी जिंकलेले डाव विसरतोय. मग वाटलं, हरलेले डाव दोनदा लिहितोय. एकदा तर केळझरला जाऊन गणपतीसमोर हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. पैसा जास्त आहे अशी तक्रार कशी करणार?

थैलीत पैसे दिसत होते म्हणून मी खेळत राहिलो. जेवायचो, झोपायचो. बायकोची मशीन दिवसभर चालायची. दिवाळी जवळ आली होती, पोलक्यांचं काम वाढतंच, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिच्या बोटाला सुई लागून चिंधी बांधलेली होती ती पाहिली, विचारलं नाही.

दिवाळी होऊन महिना झाल्यावर एका शनिवारी पुलगावला जायला स्टेशनवर गेलो तर कळलं, पुढे कुठेतरी मालगाडीचा डबा घसरलाय, पॅसेंजर येणार नाही. तासाभरात घरी परतलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बायको ट्रंकेपुढे बसली होती, लाल थैली मांडीवर, नाडी सोडलेली, हातात नोटा.

मी दारातूनच ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझ्या भांडवलाला हात लावते, म्हणून हिशेब जुळत नाही, म्हणून मी वेडा व्हायच्या पाळीला आलो, असं बरंच. हिशेब जास्तीचा निघत होता, कमीचा नव्हे, हे रागात माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिनं मला बोलू दिलं. मग हळू म्हणाली, "मी काढून नाई राह्यली. टाकून राह्यली."

मी खाली बसलो.

"काऊन?"

"तुमी हरून आले का दोन दोन दिस जेवत नव्हते. ट्रंक उघडून थैली पाहत. भरली दिसली का जेवत. म्या म्हटलं, भरली दिसू दे."

"आन तुले पैसे कुठचे?"

"पोलक्याचे. आनखी कुठचे?" मग म्हणाली, "आन तुमी पट्ट्याच्या थैलीतून काढत होते ते मले माहीत होतं. पैसे तिथंच ठेवले असते तर तुमाले चोरून काढा लागले असते. म्हून सरळ लाल थैलीत टाके."

मला लाज वाटली, आणि तिच्या त्या समजूतदारपणाचा थोडा रागही आला. एकाच वेळी दोन्ही. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. म्हटलं, आज हा हिशेब लावूनच उठायचं. तू किती टाकले, केव्हा टाकले, ते सांग. मी किती काढले ते आठवतो. आम्ही दोघं भर दुपारी जमिनीवर चिठ्ठ्या पसरून बसलो. तिनं काही लिहिलेलं नव्हतं. पोलकी मोजून आठवू लागली: मास्तरणीची तीन, कोपऱ्यावरच्या घरची पाच, एकीनं पैसे अजून दिले नाहीत. कधी पाच टाकले, कधी आठ, एकदा बारा.

"सुरुवात कधी केली?" मी विचारलं.

"पोळ्याले."

"यंदाच्या?"

तिनं नाडीला गाठ मारली, सोडली. "यंदाच्या वाटते. का मागच्या... मागच्या पोळ्यालेही टाकले होते मी थोडे. तुमाले ताप आला होता, तवा."

मागच्या पोळ्याला म्हणजे माझ्या चांगल्या वर्षात. ज्या वर्षाच्या जोरावर मी स्वतःला या खेळातला जाणकार समजत होतो, त्या वर्षातही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, किती? थोडे म्हणजे किती? तिला खरंच आठवत नव्हतं. शेवटी तिला रडू आलं आणि मी चिठ्ठ्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या तसा मी सुभेदारांकडे गेलो. पैसे नेलेच नाहीत. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमी इतके वर्षं खेळून राह्यले. घर कसं चालवलं यावर?"

"यावर?" सुभेदार म्हणाले. "मले पेन्शन हाय ना लेका. शेत हाय."

"मंग ते वीस हिस्से? एक तारखेचा पगार?"

"थे मेसमधे एक साहेब सांगे. मले पटलं होतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुले जमलं असं मले वाटलं. तू दर महिन्याले पगार घेऊन राह्यला होता ना?"

बुधवारी शेठजींनाही धीर करून विचारलं. गादीवर आम्ही दोघंच होतो, बाकीचे यायचे होते. म्हटलं, "शेठजी, खरं सांगा. माझ्यासमोर तुम्ही मुद्दाम हरत होते काय?" त्यांनी अंगठी फिरवली. मग माझी नजर तिथं गेली हे पाहून हात मांडीखाली घेतला. "मुनीमजी," ते म्हणाले, "मुद्दाम हरत होतो म्हटलं तर तुम्हाले वाईट वाटेल, नव्हतो म्हटलं तर मले. तुम्ही पत्ते पिसा."

मी पत्ते पिसले. दुसरं काय करणार होतो?

पण मला कळायलाच हवं होतं. नोकरी शोधेन, म्हटलं, पण त्याआधी एकदा तरी समजू दे, की मला हे येतं की नाही. बायकोला म्हणालो, तीन महिने दे. तुझ्या शिलाईचे पैसे पोस्टात टाक, घर त्यावर चालव. लाल थैलीला तू हात लावायचा नाही, पट्ट्यांच्या थैलीला मी लावायचा नाही. थैलीत जे असेल ते असेल. तिनं ऐकून घेतलं. "तीन महिन्यानं काय होईन?" तिनं विचारलं.

"कळेन."

"कळून?"

तरी ती हो म्हणाली.

त्या दिवशी लाल थैलीत दोनशे साठ होते. दोघांनी मिळून मोजले. मग तीन महिने मी फार सांभाळून खेळलो. हिस्सा तेरा रुपयांचा, गेला की उठायचो. शेठजींची अंगठी फिरायची तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं, आणि न बघता त्यांच्याशी खेळणं मला अजिबात जमेना. पहिल्या महिन्यात छत्तीस वाढले. दुसऱ्यात एकावन्न गेले. तिसऱ्यात अडतीस आले. होळीच्या नंतरच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा ट्रंकेपुढे बसलो, आणि या वेळी चिठ्ठ्यांची बेरीज आणि थैलीतले पैसे पैशाला पैसा जुळले. दोनशे त्र्याऐंशी. तीन महिन्यांत तेवीस रुपये. पोट भरण्याइतके नाहीत हे उघडच होतं, पण वरचे होते. हरलो नव्हतो. कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

बायको थैलीची नाडी ओढत होती. "पुलगावचं तिकीट कुठून काढत होते?" तिनं सहज विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिकिटाचे पैसे मी सकाळी निघताना तिच्याकडेच मागायचो. ती पदराच्या गाठीतून द्यायची. ते ना लाल थैलीतले होते, ना चिठ्ठीवर लिहिलेले. जाऊन येऊन दोन रुपये धरले, तरी चोवीस फेऱ्यांचे अठ्ठेचाळीस होत होते. म्हणजे मी हरलो होतो. पण तिकीट हा खेळाचा खर्च की घराचा? बुधवारी तर तिकीट लागतच नव्हतं. नुसत्या बुधवारचा हिशेब केला तर मी चांगलाच जिंकलो होतो. पण बुधवारी समोर शेठजी असायचे. मी पुन्हा चिठ्ठ्या वेगळ्या करायला लागलो. बायकोनं माझ्या हातातून त्या घेतल्या, रागानं नाही, आणि चूल पेटवायला नेल्या. मी तिला अडवलं नाही.

उन्हाळ्यात सुभेदार मुलाकडे राहायला गेले आणि पुलगावची बैठक मोडली. शेठजी मधून मधून बोलवायचे, मी काही ना काही कारण सांगायचो. त्याच सुमारास बायकोच्या ओळखीनं एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. एकटीला झेपणारं नव्हतं. लाल थैलीतल्या दोनशे त्र्याऐंशी रुपयांचे आम्ही खाकी कापडाचे तागे आणले. माप घेणं, कापड बेतणं तिचं. बटणं लावणं, गठ्ठे बांधणं, सायकलवरून पोचवणं आणि वसुली माझी. शाळा उघडायच्या आत एकशे चाळीस चड्ड्या शिवून झाल्या, त्यातल्या दोन लहान झाल्या म्हणून परत आल्या. पुढे हळूहळू दुसरी मशीन आली, मग दुकानाचा गाळा. मुलगी झाली, तिनंच पुढे ते चालवलं.

मी चांगला खेळायचो का, हे मला आजही सांगता येत नाही. ज्यांना विचारता आलं असतं त्यातलं कुणी आता उरलं नाही, आणि असते तरी प्रत्येकानं वेगळं सांगितलं असतं. बायकोला मी एकदा, म्हातारपणी, ओसरीवर बसल्या बसल्या विचारलं होतं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "चांगले खेळत असान ना. मी काही पाह्यला आली होती काय?" आणि टोपलं माझ्याकडे सरकवून दिलं.